एक तास मागे!

परीक्षा संपून सुट्टी लागली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. मिक्सर, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर मागे पडतात आणि मुलांनी घरात आणलेल्या वस्तूंची विचारणा सुरू होते. यंदा एकच प्रश्न दोन-तीन वेगळ्या हस्ताक्षरांत आला आहे. मुलाने रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी घेतली. मैदानावर मित्राने चालवून दाखवली तेव्हा झकास पळाली. घरी आल्यावर कधी सुरूच होत नाही, कधी सुरू होऊन लगेच बंद पडते, आणि एकदा तर अशी तापली की जवळ हात नेववेना. इंजिन खराब निघाले का?

वाचकहो, बहुतेक वेळा इंजिन चांगले असते, फक्त ते जुळलेले नसते. पण न जुळलेले इंजिन तसेच दामटले, तर चांगले इंजिन खरोखरच खराब होते, आणि त्याला फार वेळही लागत नाही. म्हणून आजचा लेख जरा सविस्तर.

आधी यंत्र समजून घेऊ

आजकाल रिमोटच्या बहुतेक गाड्या लिथियम बॅटरीवर धावतात. त्यांत जुळवायचे फारसे काही नसते. नायट्रो गाडीत मात्र खरेखुरे टू-स्ट्रोक इंजिन असते. ज्यांनी लुना किंवा आरएक्स-100 चालवली आहे, पंपावर पेट्रोलबरोबर टूटी ऑईल मागून घेतले आहे, त्यांना याचे तत्त्व नव्याने सांगायला नको. आकार तेवढा लहान. या इंजिनांची क्षमता साधारण 2 ते 4.5 घनसेंटिमीटर असते, आणि फेरे मिनिटाला 30 हजारांच्या घरात जातात. म्हणजे सेकंदाला पाचशे स्फोट.

यात ठिणगी देणारा स्पार्क प्लग नसतो. त्याच्या जागी ग्लो प्लग असतो. त्यातल्या बारीक वेटोळ्यात प्लॅटिनम असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करायचे. एकदा इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घ्यायची. पुढे इंधनातल्या मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागत राहते आणि त्या क्रियेच्या व स्फोटाच्या उष्णतेवर वेटोळे आपोआप लाल राहते. ज्वालाग्राही वायूच्या मिश्रणात प्लॅटिनमची तार धगधगत राहते, हे हम्फ्री डेव्हीने 1817 मध्येच दाखवून दिले होते. त्याचा उपयोग करून अमेरिकेत रे आर्डन यांनी 1947 च्या सुमारास छोट्या इंजिनांसाठी हा प्लग बाजारात आणला. आजही तत्त्व तेच आहे.

इंधनात तीन गोष्टी असतात: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रोमिथेन आपला काही प्राणवायू स्वतःबरोबरच आणते, म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते. पेट्रोलच्या एका भागाला सुमारे 14.7 भाग हवा लागते, मिथेनॉलला 6.5, तर नायट्रोमिथेनला अवघे 1.7. आणि तेल म्हणजे बऱ्याच डब्यांमध्ये निदान काही प्रमाणात एरंडेल. होय, आजीच्या कपाटातले तेच! अति उष्णतेतही ते धातूला चिकटून राहते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिने याच तेलावर चालत.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही. तेल इंधनातूनच येते. म्हणजे वेग वाढावा म्हणून आपण इंधन आवळतो, तेव्हा त्याच हाताने तेलही आवळत असतो. वर, मिथेनॉलची वाफ होताना इंजिन थंड राहते, तो थंडावाही कमी होतो. इंधन कमी होत गेले की गाडी आधी जोरात पळते, आणखी जोरात पळते, आणि मग जळते. इंजिन सर्वांत वेगवान वाटते ती जागा मरणाच्या अगदी शेजारी असते. बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

दोन सुया आणि एक स्क्रू

कार्ब्युरेटरवर जुळवायच्या तीन जागा असतात. एक मोठी सुई, पूर्ण वेगात इंधन किती जाईल ते ठरवणारी. दुसरी लहान सुई, कमी वेगातले आणि वेग उचलतानाचे इंधन ठरवणारी. तिसरा स्क्रू नुसत्या आयडलचा, गाडी उभी असताना इंजिन किती फिरेल ते सांगणारा.

सुई घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, मिश्रण लीन. उलट फिरवली की इंधन जास्त, मिश्रण रिच. सुईच्या डोक्यावरची खाच हा घड्याळाचा काटा समजा. पूर्ण फेरा म्हणजे बारा तास. एका वेळी एकच तास फिरवायचा, मग गाडीला दोन-तीन फेऱ्या मारू द्यायच्या आणि मगच पुढचा विचार करायचा. एका वेळी एकाच सुईला हात लावायचा. दोन्ही सुया एकदम फिरवणाऱ्याला गाडी सुधारली कशाने आणि बिघडली कशाने हे कधीच कळत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी सुया किती फेरे उघड्या आहेत ते मोजून वहीत लिहून ठेवा. मोजताना सुई अलगद टेकेपर्यंतच बंद करायची. जोर लावला तर तिची बैठक खराब होते आणि मग कार्ब्युरेटरच बदलावा लागतो. सुया फारच भरकटल्या असतील तर गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेल्या मूळ जागेवर परत आणा. ती जागा मुद्दाम रिच बाजूला ठेवलेली असते.

थंड इंजिन घट्टच असते

नव्या इंजिनाची दोरी ओढताना ती वरच्या टोकाला अडकते आणि लोक घाबरतात. ही घडण मुद्दाम केलेली आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि बाहेरची स्लीव्ह पितळेची, आतून क्रोम चढवलेली. ही स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. तापल्यावर पितळ पिस्टनपेक्षा जास्त पसरते आणि दोघांचे नेमके जमते. उद्यमबागेत लेथवर उभे राहिलेल्या माणसाला शंभरांश मिलिमीटरची किंमत सांगावी लागत नाही. इथे सारा खेळ तेवढ्यातच आहे.

म्हणून थंड इंजिन जबरदस्तीने फिरवू नका. केस वाळवायच्या ड्रायरने डोके चांगले गरम करा आणि मग सुरू करा. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या रिच मिश्रणावर, हलक्या हाताने, मधूनमधून थांबत चालवा. मात्र इतकेही रिच नको की ते गरमच होणार नाही. गार इंजिनात पिस्टन स्लीव्हला घासत राहतो आणि रुळण्याऐवजी झिजतो. दोरी एका हातापेक्षा लांब ओढू नका, नाहीतर आतली स्प्रिंग तुटते.

जुळवण्याचा क्रम

नवा किंवा खात्रीचा प्लग, स्वच्छ केलेला आणि त्याचे तेल लावलेला एअर फिल्टर, ताजे इंधन आणि अर्धी भरलेली टाकी, एवढे हाताशी असल्याशिवाय सुईला हात लावू नका. मग गाडी चार मिनिटे फिरवून गरम करा. गार इंजिनावर केलेली जुळवणी गरम झाल्यावर खोटी ठरते.

पहिला मान मोठ्या सुईचा, कारण बहुतेक कार्ब्युरेटरांत लहान सुईकडे जाणारे इंधन तिच्याच वाटेने येते. सरळ रस्त्यावर पूर्ण वेग द्या आणि धूर पाहा, आवाज ऐका. धुराचा लोट आणि घोगरा, गुळण्या केल्यासारखा आवाज असेल तर मिश्रण रिच आहे. एक तास बंद करा. पुन्हा फेरी, पुन्हा एक तास. हळूहळू आवाज मोकळा होईल, धुराची बारीक निळसर रेघ उरेल आणि गाडी शेवटपर्यंत ओढ घेईल. आता आणखी एक तास बंद केल्यावर वेग वाढला नाही, किंवा सरळ रस्त्याच्या टोकाशी इंजिनाचा दम सुटल्यासारखे वाटले, तर हद्द झाली. तिथून एक, हवे तर दोन तास मागे या. वेगात जे थोडे गमवाल ते इंजिनाच्या आयुष्यात परत मिळेल.

दुसरी लहान सुई. गाडी अर्धा मिनिट उभी ठेवून एकदम वेग द्या. धूर ओकत, रडत-रडत निघाली तर रिच. धूर न काढता गचका खाऊन बंद पडली तर लीन. खात्रीसाठी एक जुनी युक्ती आहे. इंजिन आयडलवर असताना इंधनाची नळी कार्ब्युरेटरजवळ चिमटीत दाबा. साधारण तीन सेकंदांत आवाज किंचित वाढून इंजिन बंद पडले तर जुळणी बरोबर. दाबताक्षणी बंद पडले तर लीन आहे. पाच-सहा सेकंद चालत राहिले तर रिच.

तिसरा आयडलचा स्क्रू. लहान सुई आवळली की आयडल आपोआप वाढतो, तो या स्क्रूने उतरवायचा. उभ्या गाडीची चाके स्वतःहून फिरू पाहत असतील तर तो अजून जास्त आहे.

शेवटी तापमान. लेझरचा ठिपका पडणारा औद्योगिक थर्मामीटर प्लगवर रोखून पाहा. 2020-21 च्या कोविडकाळात घरोघरी आलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. तो ताप मोजण्यापुरताच बनवलेला आहे. बहुतेक इंजिने 95 ते 125 अंश सेल्सिअसच्या दरम्यान खूश असतात. पण आकड्यासाठी सुई फिरवू नका. आधी धूर आणि आवाज, मग आकडा. तो फक्त साक्षीला. धूर दिसत नाही आणि आकडा 130 च्या पुढे निघाला, तर त्या क्षणी इंजिन बंद करा.

बेळगावची सुई गोव्यात चालत नाही

आपल्या भागातल्या मुलांसाठी ही खास गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ. इथे झकास जुळवलेली गाडी चोर्ला घाट उतरून पणजीला नेली की तिला श्वासागणिक जास्त हवा मिळते, पण सुई इंधन मात्र बेळगावच्या मापानेच देते. म्हणजे मिश्रण आपोआप लीन! मुलाने सुईला हातही लावलेला नसतो, त्यामुळे त्याच्या मनात शंका येत नाही. पहिल्या फेरीत गाडी भलतीच पळते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तिसऱ्या फेरीत ती उभी राहते.

कॉलेजांच्या तंत्रमहोत्सवांत अशा गाड्यांच्या शर्यती होतात. गटाकडे बहुधा एकच इंजिन असते, तेही वर्गणी काढून घेतलेले. अशा मुलांनी घाट उतरल्यावर मोठी सुई दोन तास उघडावी आणि मग नव्याने जुळवावे. घाट चढून येताना उलटे होते, मिश्रण रिच होते. त्यात गाडी मंद चालेल, पण मरणार नाही.

हवामानाचेही तसेच. थंडीतली पहाटेची हवा दाट, तेव्हा सुई थोडी उघडायची. मे महिन्यातल्या दुपारी किंवा पावसाळी दमट हवेत थोडी बंद करायची. सकाळी सात वाजता जुळवलेली गाडी दुपारी बाराला पुन्हा तपासलीच पाहिजे.

दुखणे ओळखावे कसे

इंजिन सुरूच होत नाही तेव्हा तीनच गोष्टी पाहा: धग, इंधन आणि दाब. प्लग काढून बॅटरीला लावा. वेटोळे चांगले नारिंगी लाल व्हायला हवे. मंद दिसले तर आधी बॅटरी चार्ज करा, मग प्लग बदला. इंधन नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत येते का ते डोळ्यांनी पाहा.

दोरी दगडासारखी अडली तर ओढू नका. प्लग काढा, तोंडावर फडके धरा, चेहरा बाजूला ठेवा आणि दोन-चारदा ओढा. आत साचलेले इंधन फवाऱ्यासारखे बाहेर येईल. ते तसेच ठेवून जोर केला, तर द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

बॅटरी काढताच बंद पडते: प्लग संपत आला आहे, किंवा लहान सुई फार रिच आहे, किंवा इंजिन अजून गार आहे.

वेग सोडल्यावरही आवाज उतरत नाही, आयडल कधी वर तर कधी खाली, आणि काल जुळवलेले आज बिघडते: सुयांचा नाद सोडा. कुठून तरी चोरटी हवा आत जाते आहे. कार्ब्युरेटरचा तळ, मागची प्लेट आणि इंधनाची नळी तपासा. नळीतले सुईएवढे भोकही पुरते. टाकीची परीक्षा सायकलच्या दुकानातली. नळ्यांची तोंडे बंद करायची, टाकी पाण्याच्या घमेल्यात बुडवायची आणि एका नळीतून फुंकायचे. बुडबुडे आले की पंक्चर सापडले.

टाकी निम्म्याखाली गेली की गाडी लीन होते: सायलेन्सरपासून टाकीकडे जाणारी दाबाची नळी सैल किंवा फाटलेली असते. त्या दाबानेच इंधन पुढे ढकलले जाते.

काढलेला प्लगही बोलतो. वेटोळे राखाडी पडून वेडेवाकडे झाले असेल तर इंजिन लीन चालले आहे. ओले आणि चकचकीत असेल तर रिच बाजूला आहे.

आणि काही केल्या जमत नसेल, तर गरम इंजिन बंद करून फ्लायव्हील हाताने, कापड धरून, फिरवा. वरच्या टोकाला काहीच अडथळा लागला नाही तर स्लीव्ह आणि पिस्टन झिजले आहेत. त्यावर कोणतीही सुई इलाज करू शकत नाही. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. थंड इंजिन बहुधा घट्टच लागते आणि फसवते.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

ही गाडी खेळण्याच्या दुकानात मिळाली तरी तिचे इंधन विष आहे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळेच. नायट्रो इंधन बऱ्याचदा गुलाबी किंवा निळे, सरबतासारखे दिसते. ते कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. मूळ डबा घट्ट बंद करून, अंधाऱ्या जागी, कुलुपात ठेवा. उजेडाने इंधन बिघडते आणि मिथेनॉल हवेतली ओल शोषते, म्हणून गाडीच्या दृष्टीनेही हेच हिताचे. चुकून पोटात गेले, तर लक्षणांची वाट पाहू नका. ती कित्येक तासांनी दिसतात आणि तोवर डोळे गेलेले असू शकतात. थेट दवाखाना गाठा आणि डबा दाखवायला बरोबर घ्या.

मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून हातमोजे वापरा. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून टाकी भरताना इंजिन बंद हवे आणि जवळ पाण्याची बादली हवी. बंद खोलीत किंवा जिन्याखाली इंजिन कधीही चालू करू नका. दोन-तीन किलोची ही गाडी स्कूटरच्या वेगाने धावते. रिमोटचा संपर्क तुटला की ब्रेक लागेल अशी फेल-सेफची सोय रिसीव्हरमध्ये चालू आहे का, ते प्रत्येक वेळी तपासा. इंजिन बंदच होत नसेल तर इंधनाची नळी चिमटीत दाबायची, हे मुलाला पहिल्याच दिवशी शिकवा.

खेळ संपल्यावर टाकी रिकामी करा, नळीतले इंधन संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या, मग प्लगच्या छिद्रातून व कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे काही थेंब सोडून फ्लायव्हील फिरवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे टाळले, तर गणपतीपर्यंत बेअरिंगला गंज चढलेला असेल.

एवढे सांभाळले तर हा महागडा छंद मुलाला पुष्कळ शिकवतो. यंत्राचे ऐकायचे, एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहून ठेवायचा आणि हद्द सापडली की तिच्या अलीकडे थांबायचे. पत्र लिहिणाऱ्या पालकांनी आज संध्याकाळी मुलाबरोबर बसून वहीचे पहिले पान आखावे: तारीख, हवा, मोठी सुई, लहान सुई, तापमान. गाडी सुरू करायची ती त्यानंतर.